एनर्जीवाल्या सायंटिस्टचं नॉमिनेशन भरायचंय? मग शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका

मी सायंटिस्ट नाही हे आधीच सांगते. पुण्यातल्या एका रिसर्च संस्थेच्या ऑफिसात बसते, पाषाणच्या बाजूला, आणि गेली बरीच वर्षं अवॉर्डांचे फॉर्म, फॉरवर्डिंग लेटर, सह्या, शिक्के हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे कुणाचं नॉमिनेशन कुठं अडकलं, का अडकलं हे बघून बघून पाठ झालंय. दरवर्षी कुणीतरी नवा असिस्टंट प्रोफेसर नाहीतर नवीन डीन येऊन विचारतो की मॅडम आमच्या अमक्या सरांचं नाव पाठवायचंय, कसं करतात? दरवेळी तेच तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवते. एनर्जीत काम करणाऱ्या, चाळिशीच्या आसपासच्या लोकांसाठीच लिहितेय कारण सगळ्यात जास्त घोळ त्यांचाच होतो. तरुणांना फेलोशिप्स असतात, म्हाताऱ्यांना लाईफटाईम अचीव्हमेंट असतं, मधल्यांचं नाव सुचवायला कुणाला वेळच नसतो आणि ते स्वतः लॅब, पीएचडीची पोरं, प्रोजेक्टच्या पैशांची खर्चाची प्रमाणपत्रं (यूसी) यात बुडालेले असतात.

आधी अवॉर्ड कुठलं ते नक्की करा. सरकारी म्हटलं की आपल्याकडे अजूनही लोक "भटनागर" म्हणतात. शांतीस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जायचा, वयाची अट ४५ ची, आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या स्थापना दिनाला म्हणजे २६ सप्टेंबरला नावं जाहीर व्हायची, त्यामुळे तिच्या पुण्यातल्या रसायन प्रयोगशाळेच्या, एनसीएलच्या, आवारात त्या दिवशी कोण लागलं कोण नाही याची चर्चा ठरलेली. मग २०२२ मध्ये केंद्राने विज्ञानाच्या बऱ्याचशा सरकारी पुरस्कारांना कात्री लावली आणि २०२३ मध्ये त्यांच्याऐवजी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणला. यात चार प्रकार. विज्ञान रत्न हा आयुष्यभराच्या कामासाठी, विज्ञान श्री हा एखाद्या क्षेत्रातल्या मोठ्या योगदानासाठी, विज्ञान युवा शांतीस्वरूप भटनागर हा ४५ पर्यंतच्यांसाठी, आणि विज्ञान टीम हा तीन किंवा जास्त जणांच्या गटासाठी. वर्षाला जास्तीत जास्त ३ रत्न, २५ श्री, २५ युवा आणि ३ टीम, अशी मर्यादा ठेवलीय. पैसे नाहीत हां, सनद आणि पदक. हे सांगून ठेवते कारण एका सरांच्या घरून फोन आला होता की रक्कम किती असते.

पहिल्या वर्षी, २०२४ ला, एकूण ३३ पुरस्कार दिले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपती भवनात समारंभ झाला. त्यात युवा गटात पुण्याचे दोघं होते, हवामान संस्था आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल हवामानासाठी आणि विषाणू संस्था एनआयव्हीच्या प्रज्ञा यादव वैद्यकासाठी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) विवेक पोलशेट्टीवार रसायनात होते, त्यांचं काम कॅटॅलिस्ट वापरून कार्बन डायऑक्साईडचं काहीतरी उपयोगी करण्याचं, म्हणजे बघा एनर्जीला लागूनच, पण गट रसायनाचा. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि २०२५ चं विज्ञान रत्न आपल्या नारळीकर सरांना मरणोत्तर मिळालं.

आता गट निवडणं. इथं पहिला घोळ. या पुरस्कारात १३ गट आहेत आणि "एनर्जी" असा गटच नाही. अणुऊर्जा आहे, पण तो अणुऊर्जेचाच. तुमचे सर बॅटरीचं मटेरियल बनवतात तर रसायनात टाकायचं की इंजिनिअरिंगमध्ये? बायोगॅसवाल्या मॅडम पर्यावरणात की जीवशास्त्रात की तंत्रज्ञान-नवकल्पनामध्ये? लोक काय करतात, डिपार्टमेंटचं नाव बघतात आणि टिक मारतात. तसं करू नका. सरांचे सगळ्यात चांगले पाच पेपर आणि पेटंटं टेबलावर पसरा आणि बघा की यातली नवीन गोष्ट नेमकी कुठली आहे. नवीन रेणू किंवा नवीन पदार्थ असेल तर रसायन. पदार्थ जुनाच पण रिअॅक्टर किंवा सेल वेगळ्या पद्धतीने बांधला असेल तर इंजिनिअरिंग. दोन्ही जुनं आहे पण कंपनीने लायसन्स घेऊन प्रत्यक्षात वापरलंय, तर तंत्रज्ञान आणि नवकल्पना. कारण पलीकडे बसलेले तज्ञ त्या त्या गटातलेच असणार, रसायनवाल्याला तुमचं स्टॅकचं, म्हणजे सेलच्या थप्पीचं, डिझाईन कितीही भारी असलं तरी तो म्हणणार यात केमिस्ट्री काय आहे.

यानंतर वय. दहावीच्या सर्टिफिकेटवरची जन्मतारीख बघा, सरांना तोंडी विचारू नका. हसू नका, आमच्याकडे झालंय. एका सरांचं खरं वय आणि कागदावरचं वय यात सात महिन्यांचा फरक, गावाकडच्या शाळेत गुरुजींनी लावलेली तारीख, आणि आम्ही ज्या वर्षी "अजून एक चान्स आहे" म्हणून थांबलो त्या वर्षी ते कागदावर बसतच नव्हते. वय कुठल्या तारखेला मोजायचं ते त्या वर्षीच्या सूचनेत दिलेलं असतं, त्याच्यावर पेन्सिलीने गोल करा. आणि बायकांच्या बाबतीत मला नेहमी वाटतं की हे ४५ चं गणित त्यांच्यावर अन्याय करतं, बाळंतपण, सासूसासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची बदली यात चारपाच वर्षं सहज जातात आणि वय काही थांबत नाही. भटनागरच्या जुन्या यादीत बायका इतक्या कमी का याचं एक उत्तर इथं आहे. म्हणून तुमच्या डिपार्टमेंटमध्ये चाळिशीच्या मॅडम असतील तर त्यांचा विचार सगळ्यात आधी करा, आणि ४५ उलटलं असेल तर विज्ञान श्री आहे ना, तिथं ती अट नाही.

तारखांचं एक. मूळ घोषणेत १४ जानेवारी ते २८ फेब्रुवारी अर्ज, ११ मेला नावं जाहीर, २३ ऑगस्टला समारंभ असं छान वेळापत्रक होतं. नंतर ते पुढंमागं झालं, एकदा तर अर्ज दिवाळीच्या सुमारास मागवले होते. तेव्हा जानेवारी उजाडेल मग बघू असं करू नका, राष्ट्रीय पुरस्कारांचं पोर्टल, अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन, महिन्यातून एकदा उघडून बघायची सवय लावा, आणि फाईल आधीच तयार ठेवा. तयार फाईल वाया जात नाही, तीच थोडी फिरवून दुसरीकडे चालते.

आता मुख्य काम, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले. त्या माणसाने काय केलं हे सांगणारं पान-दीड पान. इथं नव्वद टक्के लोक सीव्हीच वाक्यात उतरवतात. "सर गेली १८ वर्षं अक्षय ऊर्जेच्या क्षेत्रात अविरत कार्यरत असून त्यांचे ८० हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध आहेत." ठीक आहे, पण मग? हा "मग?" माझा नाही. पहिल्यांदा जेव्हा मी एका मॅडमसाठी असं पान ड्राफ्ट करून दिलं होतं तेव्हा एका रिटायर्ड प्रोफेसरांनी, कर्वेनगरात राहायचे, ते वाचून परत पाठवलं, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला लाल पेनाने एकच शब्द, "मग?" पाच वेळा. मला इतका राग आला होता. रात्री परत वाचलं तर खरंच, पाचही ठिकाणी ते बरोबर होते. मॅडम थोर आहेत हे कळत होतं, मॅडमनी काय केलं हे कळत नव्हतं.

तेव्हापासून मी असं करते. सरांना किंवा मॅडमना चहाला घेऊन जाते, लॅबमध्ये नाही, तिथं ते लगेच स्लाईड उघडतात. अमृततुल्यवर उभं राहून विचारते, की सर तुम्ही हे काम केलं नसतं तर आज काय नसतं? आणि मग गप्प बसते. पहिलं उत्तर नेहमी "तसं काही नाही, दुसऱ्या कुणीतरी केलंच असतं" असं येतं. जाऊ द्या ते. दुसरं उत्तर साधारण तिसऱ्या घोटाला येतं आणि तेच तुमचं पहिलं वाक्य. मोबाईलवर रेकॉर्ड करा नाहीतर बिलाच्या मागं लिहा पण त्यांच्याच शब्दात घ्या. एकदा एक सर म्हणाले, "सगळे महाग धातू कमी करायच्या मागे होते, मी म्हटलं पाणीच थोडं घाण चालवून बघू." संपलं! म्हणजे पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या मशीनला, इलेक्ट्रोलायझरला, एकदम शुद्ध पाणी लागतं, ती अट त्यांनी सैल केली, आणि हे त्यांच्या ४० पानी बायोडेटात कुठंच नव्हतं.

पुण्यातलंच जुनं उदाहरण घ्या. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेला बायोगॅससाठी २००६ मध्ये ब्रिटनचं अॅशडेन अवॉर्ड मिळालं. ते काम एका वाक्यात सांगता येतं, शेणाऐवजी घरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा प्लांट. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की आधी काय होतं आणि आता काय बदललं. तुमचं पहिलं वाक्य तसं झालं पाहिजे.

मग आकडे. एनर्जीत आकड्याशिवाय कुणी विचारत नाही पण आकडा एकटा टाकला की तज्ञ लोक लगेच भुवया वर करतात. सोलर सेलची एफिशियन्सी लिहिली तर सेल केवढा होता ते लिहा, नखाएवढ्या सेलवरची एफिशियन्सी आणि अख्ख्या पॅनेलवरची यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि कुणी बाहेरच्या लॅबने सर्टिफाय केलीय की घरचीच ते पण. साध्या एका जोडाच्या सोलर सेलची थिअरीतली मर्यादाच साधारण ३३ टक्के आहे, नुसत्या सिलिकॉनची २९ च्या थोडी वर, तेव्हा ड्राफ्टमध्ये ३५ दिसलं तर थांबा, टायपो आहे की टँडेम, म्हणजे एकावर एक दोन सेल रचलेला, सेल आहे ते विचारा. बॅटरी असेल तर किती सायकलनंतर किती कपॅसिटी उरली, किती वेगाने चार्ज केली, बोटाएवढ्या सेलवर की पाकिटासारख्या मोठ्या पाऊच सेलवर. हायड्रोजन असेल तर एक किलोला किती युनिट वीज लागली. थिअरीप्रमाणे पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ३९.४ युनिट लागतात, प्रत्यक्षातल्या मशीनला ५० च्या पुढे, त्यामुळे कुणी ३० लिहिलं असेल तर पोर्टलवर टाकायच्या आधी तुम्हीच विचारा. मी ऑफिसातली बाई असून मला हे पाठ झालंय, तर तुम्हाला यायलाच हवं.

टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान वापरायला किती तयार आहे त्याची पातळी, हा कॉलम लोक उगीच ८-९ भरतात. १ ते ९ ची पट्टी आहे, लॅबमधला प्रयोग म्हणजे ३-४, खऱ्या जागी चालवून दाखवलेला प्रोटोटाईप म्हणजे ६-७. एनसीएलने डायमिथाईल इथर या इंधनाचा बर्नर केला, केपीआयटी कंपनीबरोबर हायड्रोजनच्या फ्युएल सेलवर चालणारी बस २०२२ मध्ये पुण्यात दाखवली, त्या बसला कुणी "लॅब स्केल" म्हणणार नाही. पण कॉलेजच्या गच्चीवरच्या मॉडेलला ९ दिलं की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. खरा ४ लिहा, चार काही वाईट नाही.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे कुणी काय केलं. एनर्जीतलं काम एकट्याने होतच नाही. २०२३ च्या शेवटी आयसर पुणे ही विज्ञान संस्था आणि केपीआयटीने सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली, असल्या कामात केमिस्ट, इलेक्ट्रिकलवाले, कंपनीची माणसं, पीएचडीची पोरं असे कितीतरी हात लागतात. आणि मधल्या वयाच्या माणसाबद्दल कमिटीच्या मनात एक प्रश्न हमखास असतो, हे त्याचं स्वतःचं आहे की त्याच्या गुरूचं पुढं चालू आहे? म्हणून स्पष्ट लिहा. कल्पना कुणाची, पैसे कुणाच्या प्रोजेक्टचे, करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपरची जबाबदारी घेणारा मुख्य लेखक, कोण, स्वतंत्र लॅब कधी सुरू केली आणि त्यानंतरचे पेपर कुठले. पीएचडी आणि पोस्टडॉकमधले पेपर तुम्ही निवडलेल्या दहा पेपरांच्या यादीत एखाददुसराच ठेवा, कितीही मोठ्या जर्नलमधला असला तरी. आणि खरंच सगळ्यांचं सारखं काम असेल तर एकाचं नाव घुसवू नका, विज्ञान टीम त्यासाठीच आहे. दोन मित्रांमध्ये यावरून जे बिनसलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आता ते कँटीनला वेगवेगळ्या वेळी जातात.

पेटंटचं पटकन सांगते. फाईल केलेलं, पब्लिश झालेलं आणि ग्रँट झालेलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्ही एका आकड्यात मिसळू नका. लायसन्स दिलं असेल तर करारपत्राचं पहिलं पान जोडा, कंपनीची परवानगी घेऊन. सायटेशन, म्हणजे इतरांनी पेपरचा किती वेळा उल्लेख केला ते आकडे, कुठून घेतले, स्कोपस की गुगल स्कॉलर, आणि कुठल्या तारखेला, हे लिहा. दोन्हीत फरक असतो आणि तो बऱ्यापैकी असतो.

अजून एक गोष्ट जी करायला कुणालाच आवडत नाही. सरांचं नाव टाकून त्यांच्या पेपरवर कुठं शंका घेतलीय का, काही मागे घेतलाय का ते शोधा. पबपीअर या, पेपरवर शंका मांडायच्या वेबसाईटवर बघा. काही सापडलं तर सरांना एकट्यात विचारा, पुष्कळदा फोटो चुकून दोनदा छापला गेला आणि नंतर दुरुस्ती आली एवढंच असतं. पण ते तुम्हाला आधी माहीत असलं पाहिजे, कमिटीकडून कळता कामा नये.

शिफारसपत्रं लागली तर पीएचडीच्या गाईडकडून घेऊ नका, त्यांनी कौतुक केलं तर त्यात नवल काय. ज्याने तुमच्या सरांचं काम स्वतःच्या लॅबमध्ये किंवा प्लांटमध्ये वापरलं अशा माणसाकडून घ्या. महिना-दीड महिना आधी मागा, सोबत एक पान मुद्दे द्या पण पत्र लिहून देऊ नका. एकदा आमच्याकडे तीन पत्रांत "पाथब्रेकिंग" हा शब्द त्याच त्या स्पेलिंगच्या चुकीसकट आला होता, कारण तिन्ही एकाच पोराने टाईप केलेली.

सरकारी संस्था असेल तर व्हिजिलन्स क्लिअरन्स (चौकशी वगैरे चालू नाही याचा दाखला) आणि डायरेक्टरची सही यात दोन आठवडे धरा. डायरेक्टर दिल्लीला असतात, आले की मीटिंगमध्ये असतात, त्यांच्या पीएशी नीट वागा, एवढं सांगते. पोर्टलवर नाव-मोबाईल टाकून, ओटीपी घेऊन खातं उघडायचं, ड्राफ्ट सेव्ह करत जायचं. पीडीएफ लहान करायला शिका. आणि अपलोड केलेली फाईल परत डाऊनलोड करून उघडून बघा. मी एकदा ट्रॅक चेंजेसवाली, म्हणजे दुरुस्त्या आणि कमेंट दिसणारी, फाईल चढवली होती, त्यात बाजूला कमेंट, "हे जरा जास्तच झालं का?" शेवटच्या दिवशी रात्री साडेदहाला दिसली म्हणून वाचले, नवरा म्हणाला नोकरी आहे की शिक्षा.

आता अमेरिकेचं. पुण्यातल्या दर दुसऱ्या सोसायटीत कुणाची तरी मुलगी बर्कलीला नाहीतर शिकागोजवळ नॅशनल लॅबमध्ये आहे आणि लोक मला विचारतात की तिकडचं असं काही असतं का. असतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं अर्नेस्ट ऑर्लँडो लॉरेन्स अवॉर्ड, सायक्लोट्रॉन हे अणूतले कण वेगाने फिरवायचं यंत्र बनवणारे लॉरेन्स १९५८ ला गेले आणि १९५९ मध्ये त्यांच्या नावाने हे सुरू झालं. खास मधल्या टप्प्यावरच्या लोकांसाठी. तिकडे वय बघत नाहीत, शेवटची डिग्री घेऊन २० वर्षांच्या आत असायला हवं, मला हे जास्त बरोबर वाटतं, उशिरा पीएचडी केलेल्यावर अन्याय होत नाही. पदक आणि २०,००० डॉलर. आणि तिकडे एनर्जीचा वेगळा गट आहे, फ्यूजनचा वेगळा, मटेरियलचा वेगळा. पण काम त्या खात्याच्या उद्दिष्टांशी जोडलेलं हवं, त्यामुळे इथून पुण्यातल्या सरांचं नाव पाठवायचा प्रश्न येत नाही. तुमच्या ओळखीचं कुणी तिकडच्या लॅबमध्ये असेल तर त्यांना मात्र वर लिहिलेलं सगळं तसंच्या तसं लागू आहे, चहाच्या जागी कॉफी.

शेवटचं काम, ड्राफ्ट कुणाला दाखवायचा. सरांच्या चाहत्याला अजिबात नको. तुमच्या ओळखीत एक तरी असा माणूस असेलच की जो लग्नाच्या पत्रिकेतलं शुद्धलेखन काढतो आणि हॉटेलच्या मेनूकार्डवर पेन फिरवतो, पुण्यात राहताय म्हणजे असणारच, कदाचित तोच तुमचा सासरा असेल. त्याला ते पान द्या, विषयातलं त्याला काही कळलं नाही तरी चालेल. त्याने पहिला परिच्छेद वाचून "बरं, म्हणजे यांनी शेणाशिवाय गॅस काढला होय" असं काहीतरी स्वतःच्या शब्दात म्हटलं तर सबमिट करा. "बरं, मग?" म्हटलं तर सरांना परत चहाला घेऊन जा.